लसूणघास, दोन रूळ आणि एक ढग

शाळेत इंग्रजीच्या पेपरात 'जोड्या जुळवा' असायचं. त्यात एका बाजूला 'ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या' या अर्थाची इंग्रजी म्हण आणि दुसऱ्या बाजूला आपली 'तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी'. रेघ मारली की मार्क मिळायचा. पण गवत वाळवायला एवढी घाई कसली, हे मला कधीच कळलं नाही. आपल्याकडे ज्वारी काढली की कडबा शेतात पडल्या पडल्या वाळतो. पेंढ्या बांधा, गंजी रचा, झालं काम. उन्हाची टंचाई आपल्याला कधी नव्हतीच, होती ती पाण्याची.

तर मंडळी, त्या इंग्रजी म्हणीवरच सध्या माझं पोट भरतंय. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांच्या चाचण्या घेतो. गेली काही वर्षं माझ्या वाट्याला जे यंत्र आलंय, त्याचं नाव मोवर-कंडिशनर. पुण्याला फोनवर हे सांगितलं तर पहिला प्रश्न येतो, "कंडिशनर म्हणजे केसांना लावायचं, की खोलीत बसवायचं?" दोन्ही नाही. हे गवताला लागतं. कसं ते सांगतो.

विस्कॉन्सिन म्हणजे दुधाचं राज्य. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा तसं छापलेलं असतं. पण हिवाळ्यात पाच-सहा महिने शेतात हिरवं पान दिसत नाही. गाईंची वर्षभराची वैरण मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत कापून साठवायची. त्यातली मुख्य वैरण म्हणजे अल्फाल्फा, आपला लसूणघास. नगरकडे तो विळ्याने कापून हिरवाच गोठ्यात टाकतात. इथे साधारण महिन्याला एक अशा तीन-चार कापण्या होतात, आणि त्यातला बराचसा घास वाळवून गठ्ठे बांधायचे असतात. त्यासाठी लागतात सलग तीन कोरडे दिवस. जूनमध्ये इथे ते मागून मिळत नाहीत.

आता थोडं गणित. ताज्या घासात शेकडा ७५ ते ८० भाग पाणी असतं. गठ्ठा बांधायचा तर ते १८ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. म्हणजे ८० टक्के पाणी असलेल्या एक टन घासातून साडेसातशे लिटर पाणी हवेत जायला हवं, तेही जमिनीवर पडल्या पडल्या. बरं, कापलेला घास लगेच मरत नाही. पाणी ४० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत त्याचा श्वास चालूच असतो आणि त्यात तो स्वतःचीच साखर जाळत बसतो. जितका उशीर, तितकं दूध कमी.

खरी अडचण वेगळीच आहे. पान पटकन वाळतं, दांडा वाळत नाही. दांड्याची वाट बघावी तर पानांचा चुरा होऊन तो जमिनीवर सांडतो, आणि घासातल्या प्रथिनांचा मोठा वाटा पानांत असतो. म्हणून कापल्याबरोबर दांडा चेपायचा, त्याला चिरा पाडायच्या, की पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. रसवंतीतला चरक आठवा. तसेच दोन रूळ, पण रबरी, आणि त्यांच्या खाचा एकमेकांत बसणाऱ्या. फरक एवढाच की इथे रस निघता कामा नये. रुळांमधली फट जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. दांडा फुटला पाहिजे आणि पान शाबूत राहिलं पाहिजे. पूर्वी कापायला एक यंत्र आणि चेपायला दुसरं, अशा दोन फेऱ्या व्हायच्या. १९६० च्या दशकात न्यू हॉलंडच्या 'हेबाईन'ने दोन्ही कामं एका फेरीत आणली. आता कापायला मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या तबकड्या आल्या आहेत, पण मागचे रूळ बऱ्याच यंत्रांवर तेच.

अशा यंत्राची चाचणी म्हणजे काय बघायचं? काही गोष्टी सोप्या. चार मीटर रुंदीचं यंत्र ताशी १३ किलोमीटरने ओढलं तर कागदावर तासाला पाच हेक्टरच्या वर कापून होतं. वळणं, अडकलेला घास, ड्रायव्हरचं पाणी पिणं हे सगळं धरलं तर त्यातले ८० टक्के हातात पडतात, म्हणजे चार हेक्टर. मग डिझेल किती लागलं ते. मग कापल्यावर मागे उरलेल्या बुडख्यांची उंची. ती सगळीकडे सारखी दोन-तीन इंच हवी, म्हणजे कापलेला घास ओल्या मातीला न टेकता त्यांच्यावर अधांतरी राहतो आणि खालूनही वारा लागतो.

रुळांमधली फट मोजायची तर ऐकून हसाल. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची सुरळी करायची, यंत्र पूर्ण बंद करून रूळ हाताने फिरवत ती त्यातून काढायची आणि तिची चपटी झालेली जाडी कॅलिपरने मोजायची. आणि चेपणी बरोबर झाली का, हे बघायला मूठभर घास घेऊन बांधावर बसायचं. शंभरातले नव्वदच्या वर दांडे चिरलेले हवेत आणि काळी पडलेली पानं शंभरात पाचाच्या आत. इंजिनियर होऊन मी दांडे मोजतो, असं आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "पगार देतात ना? मग मोज."

पण मुख्य प्रश्न एकच: घास लवकर वाळतो का? दोन वर्षांपूर्वी कंपनीने रुळांची नवी घडण केली होती आणि प्रश्न आला तोच मुळी असा, की नवा रूळ जुन्यापेक्षा किती टक्के लवकर वाळवतो. प्रश्नातच उत्तर ठरलेलं. जाहिरातीच्या पत्रकात तेवढी जागासुद्धा सोडून ठेवली होती म्हणतात. आम्ही चाचणीत आणखी एक गोष्ट घातली. यंत्राच्या मागे दोन पत्रे असतात. ते आत ओढले तर कापलेला घास अरुंद, जाड ओळीत पडतो. बाहेर उघडले तर जवळजवळ कापलेल्या रुंदीइतका पसरतो. म्हणजे दोन रूळ, दोन रुंद्या. प्रत्येक जोडीचे चार पट्टे, एकूण १६. कुठला पट्टा कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. कारण शेताचा एक कोपरा खोलगट, एका कडेला ओकच्या झाडांची सावली. आपल्या आवडीच्या रुळाला नकळत उन्हातली जागा मिळायला नको.

शेत ज्यांचं होतं ते गृहस्थ सत्तरीला टेकलेले, सत्तरेक गाई. आपण त्यांना आजोबा म्हणू. या राज्यात २००४ च्या सुमारास पंधरा हजारांच्या आसपास दुधाचे गोठे होते, २०२४ मध्ये सहा हजारांच्या आत आले. आजोबांच्या रस्त्यावर त्यांचा एकच उरलाय. नुकसान झालं तर कंपनी भरपाई देईल, असा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "ठीक आहे. पण एक सांगतो, चेक गाई खात नाहीत."

जूनच्या शेवटच्या आठवड्यातली दुसरी कापणी. सकाळी दव उडाल्यावर कापलं. मग दर दोन-तीन तासांनी १६ पट्ट्यांतून घासाच्या पिशव्या. वजनकाटा खोक्यात ठेवायचा, नाहीतर वाऱ्याने आकडा नाचतो. पक्कं उत्तर देणारी पद्धत म्हणजे १०३ अंशांच्या भट्टीत चोवीस तास, पण शेतात तेवढा धीर कुठला? म्हणून गाडीत एक मायक्रोवेव्ह. शंभर ग्रॅम घास, शेजारी पाण्याचा पेला (नाहीतर शेवटी घास पेटतो), थोडं तापवा, तोला, परत तापवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. आजोबांची पद्धत याहून सोपी. चिमूटभर घास पिळायचा, दांड्यावर नख ओढायचं. साल सुटली तर पाणी आहे. ते आकडा सांगायचे, मग मी मायक्रोवेव्ह बघायचो. दोन-तीन टक्क्यांपलीकडे ते फारसे चुकले नाहीत.

पहिल्या दिवशी संध्याकाळीच चित्र दिसायला लागलं. रुंद पसरलेले आठही पट्टे पुढे, रूळ कुठलाही असो. कारण पुस्तकातलंच आहे. पहिलं पाणी जातं ते पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, आणि ती छिद्रं उजेडात उघडी राहतात. जाड ओळीच्या पोटात अंधार. तिथली पानं दारं लावून बसतात. छिद्रं मिटल्यानंतर उरलेलं पाणी दांड्यातून निघतं, तेव्हा चेपणी कामाला येते. वाळल्या घासाला ती हवीच. पण चेपणी दोन्ही रूळ करत होते. दुसऱ्या दिवशी नवा आणि जुना यांच्यात जो फरक दिसला, तो एकाच रुळाच्या दोन पट्ट्यांमधल्या फरकापेक्षाही कमी होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून ढग आला. रुंद पट्टे तयार झाले होते; पानं लवचिक होती तेव्हाच रेकने त्यांच्या ओळी करून ठेवल्या होत्या. अरुंद पट्टे अजून विशीच्या बरेच वर. ऑफिसमधून फोनवर सांगणं असं, की सगळे १६ पट्टे शेवटच्या मोजणीपर्यंत जमिनीवर राहू देत, नाहीतर आकडे अपुरे राहतील. इकडे आजोबा बेलर जोडून उभे. ओल्या पट्ट्यांचे गठ्ठे बांधणं शक्य नव्हतं. जास्त ओलीचा गठ्ठा आतून तापतो, बुरशी येते, आणि कधी कधी कोठारात रचल्यावर काही आठवड्यांनी आपोआप पेट घेतो. अशा आगीत गेलेली कोठारं इथे सगळ्यांना माहीत असतात.

मी तयार आठ पट्ट्यांतून शेवटचे नमुने घेतले, वेळ लिहिली आणि आजोबांना म्हटलं, उचला. ते काही बोलले नाहीत, ट्रॅक्टरवर चढले. शेवटचा गठ्ठा पडला तेव्हा पहिले थेंब लागत होते. उरलेल्या आठ पट्ट्यांवर रात्रभर पाऊस झाला. पावसाने साखर धुऊन जाते आणि पुन्हा वाळवताना, उलथताना पानं झडतात. आठवड्याने तो घास उचलला तेव्हा तपकिरी झाला होता. दुभत्या गाईंना नाही, कालवडींना घातला. एकाच शेतातला, एकाच दिवशी कापलेला घास; दोघांमध्ये अंतर पडलं ते त्या दोन पत्र्यांनी.

अहवालात मी हेच लिहिलं. या शेतात, या कापणीत, रुंदीचा परिणाम स्पष्ट, नव्या रुळाचा वेगळा काढता आला नाही. पट्टे कधी आणि का उचलले, तेही. एका साहेबांनी सुचवलं की अरुंद पट्ट्यांपैकी खोलगट कोपऱ्यातले वगळून बघू या, तिथे नवा रूळ जरा पुढे दिसतो. मी म्हटलं, वगळायचंच होतं तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या? थोडी गरमागरमी झाली. वार्षिक मूल्यमापनात माझ्याबद्दल 'सहकार्याची वृत्ती वाढवावी' असा शेरा आला. (आपल्याकडच्या गोपनीय अहवालाची आठवण झाली!) पण पत्रकात वाळण्याचा आकडा छापला गेला नाही. ते यंत्र घ्यायला एका चांगल्या मोटारीपेक्षा जास्त पैसे पडतात, आणि घेणारे बहुतेक कर्ज काढून घेतात. त्या पत्रकातल्या आकड्यावर कोणीतरी बँकेत सही करणार असतं.

रुंद पसरणं फुकट मिळतं असंही नाही हं. ट्रॅक्टरची चाकं घासावरून जातात. नंतर रेकने गोळा करावा लागतो, तेही पाणी ४० टक्क्यांच्या आसपास असताना, नाहीतर पानं झडतात. आणि रेक खाली लागला की घासाबरोबर माती येते. हे सगळं अहवालात आहे.

आजोबांनी आमचं नवं यंत्र घेतलं नाही. त्यांच्याकडे जुनं आहे, पंधरा वर्षांचं. त्याच्या मागचे पत्रे इतकी वर्षं आत ओढलेले होते, कारण विकत घेताना तसेच आले होते. एका पान्याने त्यांनी ते उघडले. जुलैच्या कापणीला त्यांचा फोन आला. मला वाटलं, काही बिघडलं. तर विचारत होते, मायक्रोवेव्ह किती मिनिटं ठेवायचा? मी म्हटलं, मिनिटं दोन-दोनच ठेवा, पण स्वयंपाकघरातला घेऊ नका, जुना बघा. पलीकडे क्षणभर शांतता. मग हळू आवाजात म्हणाले, "ते बायकोने आत्ताच सांगितलंय."