नितळ पाण्याचा दाखला

नागपूर

चि. बाळास,

'पाणी अगदी नितळ होते' एवढ्याच दाखल्यावर तू भर मृगात मुलांना जुहूच्या समुद्रात डुंबवलेस, हे वाचून माझा जीव खालीवर झाला. समुद्रापासून इतक्या दूर बसणाऱ्याने यात बोलू नये, असे तू म्हणशील. परंतु ज्या शहरात 1958 पासून पाण्याची परीक्षा करणारी संस्था, आजची 'नीरी', उभी आहे, तेथील म्हाताऱ्यास एवढी तहकीकात करण्याचा हक्क पोहोचतो. अंबाझरी तलावाच्या काठावरून तुला कान धरून परत आणले होते, तेही विसरलास वाटते!

नितळपणा ही डोळ्याची साक्ष, आणि विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू डोळ्यास दिसत नाहीत. प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना पोषक द्रवाच्या नळ्यांत घालतात. प्रत्येकीत एक इवलीशी नळी पालथी बुडविलेली असते. प्राथमिक वाढीनंतर 44.5 अंश सेल्सिअसवर चोवीस तास ठेवल्यावर त्या पालथ्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा साचला, की जंतूंची हजेरी लागली. अशा नळ्या मोजून तालिकेवरून जो आकडा निघतो, तो स्नानयोग्य समुद्रजलात, सरकारी निकषाप्रमाणे, 100 मिलिलिटरमागे 100 पर्यंतच असावा. मात्र निकाल हाती येईतो ते पाणी केव्हाच निघून गेलेले असते. म्हणून नाला कोठे मिळतो आणि गेल्या दोन-तीन दिवसांत जोराचा पाऊस झाला काय, हे दोन प्रश्न आधी विचारावे. इर्ल्याचा नाला जुहूकडेच उतरतो, हे मुंबईत राहून तुला ठाऊक नसावे?

माझे जुनेच म्हणणे, तुला पाठ असेल: नगराची योग्यता नगरभवनाच्या कमानीवरून न ठरविता नाल्याच्या मुखाशी ठरवावी. जिच्यावरून या शहरास नाव मिळाले म्हणतात, त्या नाग नदीत आम्ही राजरोस सांडपाणी सोडले. मग तुमच्या पालिकेने चौपाटीवर आकड्यांचा फलक लावावा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? तरी सांगतोच. फलक नसेल, तर तू अर्ज कर.

आणि धाकटीचा कान दुखतो, हे पत्राच्या तळाशी इतके सहज लिहितोस! आजच तिला डॉक्टरांकडे ने, ती समुद्राच्या पाण्यात डुंबली होती हे त्यांस स्पष्ट सांग, आणि उलटटपाली खुशाली कळव.

तुझा,
काका