हानाऊची रुपेरी कारागिरी

जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराहून पूर्वेकडे आगगाडीनें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत माइन नदीच्या कांठचें हानाऊ हें शहर लागतें. लोककथांचा संग्रह करणारे ग्रिम बंधु येथेंच १७८५ व १७८६ सालीं जन्मले, आणि १८९६ सालीं बाजारचौकांत उभारलेला त्यांचा पुतळा पाहण्यास पुष्कळ प्रवासी येतात. परंतु ज्याच्या घरीं रुप्याची एखादी जुनी विलायती डबी असेल, त्यानें तेथेंच न थांबतां जुन्या वस्तींतील सुवर्णकार-भवनाकडे अवश्य वळावें.

या शहराची कारागिरी निर्वासितांनीं वाढविली. स्पॅनिश अंमलाखालील नेदरलंडांतून व फ्रान्समधून धर्मछळामुळें निघालेल्या कॅल्व्हिनपंथी कुटुंबांस येथील काउंट फिलिप लुडविग दुसरा यानें १५९७ सालीं आश्रय दिला. त्यांच्याकरितां जुन्या वस्तीशेजारीं आंखीव रस्त्यांचें नवें नगर वसलें, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सोनारांनीं येथें आपलें बस्तान बसविलें. पुढें १७७२ सालीं रेखनकलेची शाळा निघाली. तींत आजहि सोन्यारुप्याचें काम शिकविलें जातें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील सधन घरांना आजे-पणजे यांच्या काळचा थाट पुन्हां हवासा वाटूं लागला. ती हौस हानाऊनें पुरविली. १८१७ सालीं स्थापन झालेला श्लाइस्नर यांचा कारखाना, १८९० सालीं निघालेला नेरेसहाइमर यांचा, आणि असे दुसरेहि कित्येक, अठराव्या शतकाच्या धर्तीवर डब्या, पेले व करंडे घडवूं लागले. झांकणावर पंख असलेलीं गुबगुबीत बालकें, बागेंत विहरणारीं युगुलें, शिकारीचे देखावे, आणि कडेनें शंखशिंपले व वेलबुट्टी. हें सारें उठावाचें काम नजरेंत भरण्यासारखें असे.

केवळ घाट जुना करून हे कारागीर थांबले नाहींत. डबीच्या बुडाशीं त्यांनीं ठसेहि जुन्या वळणाचे उमटविले. आउग्सबुर्ग शहराच्या जुन्या रुप्यावर पाइन वृक्षाच्या फळाची निशाणी असे. फ्रान्समध्यें मुकुटाखालीं अक्षर असे. त्यांसारखेच दिसणारे ठसे हानाऊच्या मालावर आढळतात. त्यामुळें शंभर-सव्वाशें वर्षांची वस्तु अडीचशें वर्षांची म्हणून गळ्यांत पडण्याचा संभव असतो.

मग खरें कसें ओळखावें? प्रथम सारे ठसे भिंगानें वाचावे. जर्मनींत १८८४ च्या कायद्यान्वयें १ जानेवारी १८८८ पासून अर्धचंद्र व राजमुकुट यांची निशाणी आणि तिच्याशेजारीं शुद्धतेचा आंकडा, असा ठसा सुरू झाला. हा ठसा मूळचाच असेल, तर डबी अठराव्या शतकांतील असूं शकत नाहीं. ब्रिटनमध्यें विक्रीस गेलेल्या मालाचा कस तेथील कचेऱ्यांत पाहिला जाई. १८६७ पासून त्यावर ‘एफ’ हें अक्षर, व १९०४ पासून निराळे आयातठसे पडूं लागले. लंडनचे व्यापारी बर्टोल्ड म्यूलर यांचीं आद्याक्षरें नेरेसहाइमरच्या पुष्कळ जिनसांवर दिसतात, तीं यामुळेंच. ध्यानांत ठेवावें कीं, अशा ठशांतील वर्षाक्षर कस पाहिल्याचें साल सांगतें. वस्तु त्याच सालीं घडली असें नव्हे.

ठशांनंतर हाताची पारख. दोन बाजूंवरील नक्षी रेषेला रेष जुळत असेल, तर ती सांच्यांत दाबून काढली असावी. बिजागरीपाशीं शिशाचा वा कथिलाचा डाग दिसला, तर मागाहून दुरुस्ती झाली आहे. आणि राख किंवा रांगोळी लावून घासण्याची आपली संवय येथें फार घातक होय. त्यानें नक्षीचे उंचवटे झिजतात व ठसे पुसट होतात.

एवढें कळल्यावर मनांत येतें, कीं ही सारी लबाडीच नव्हे काय? याचें उत्तर सुवर्णकार-भवनाकडे पाहिलें असतां सुचतें. ही इमारत मूळची १५३७-३८ सालची नगरसभा. १९ मार्च १९४५ च्या बाँबवर्षावांत ती जळाली, आणि पुन्हां जुन्याच रूपांत उभी राहून १९५८ सालीं खुली झाली. तिला कोणी खोटी म्हणत नाहीं, कारण आपण केव्हां बांधलों गेलों हें ती लपवीत नाहीं. डबीचेंहि तसेंच आहे. जुन्या घाटांत दोष नाहीं. १८९५ ची वस्तु १७६० ची म्हणून विकण्यांत दोष आहे.

किंमतीचा विचार करतांना दोन टोकें टाळावीं. समजा, डबीचें वजन ३०० ग्रॅम व ठसा ८०० चा आहे. तर तींत शुद्ध रुपें २४० ग्रॅम. ठसा ९२५ चा असेल तर साडेसत्याहत्तर वर दोनशें, म्हणजे २७७.५ ग्रॅम. हा झाला केवळ धातूचा हिशेब. मोडींत घेणारा सोनार घडणावळ धरीत नाहीं, हा अनुभव प्रत्येक घरास आहे. परंतु चांगल्या कारखान्याची, स्पष्ट ठशांची व न झिजलेली डबी घडणावळीमुळेंच धातूच्या मोलाहून अधिक मोलाची ठरते. उलट, खोट्या वयाला भुलून दिलेला जादा पैसा कधीं परत येत नाहीं.

एकत्र कुटुंबांत वांटणीच्या वेळीं रुप्याचीं भांडीं तराजूवर घालून समभाग करण्याची रीत आहे. न्यायाच्या दृष्टीनें ती सोयीची. पण त्या तराजूवर एखादी अशी डबी आली, तर क्षणभर थांबून तिचें बूड पाहावें, ठसे उतरून घ्यावे आणि जाणत्याचा सल्ला घ्यावा. चुकीची वांटणी पुढेंमागें समजुतीनें सुधारतां येते. मुशींत आटलेली डबी मात्र हानाऊचा कोणताहि कारागीर परत देऊं शकणार नाहीं.