महागनीचे कपाट

आमच्या धर्माबादच्या घरातल्या कपाटाविषयी लिहायचे म्हणजे आधी एक कबुली द्यायला हवी. या कपाटापायी मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाशी नऊ वर्षे बोललो नाही. तोही माझ्याशी बोलला नाही. एकाच गावात राहून हे साधणे वाटते तितके सोपे नाही. पण मिरचीच्या बाजारात आम्ही समोरासमोर आलो की दोघांनाही एकदम ठसका लागे, आणि धर्माबादेत माणसाला ठसका लागणे ही इतकी नित्याची गोष्ट आहे, की त्यात कोणाला काही वावगे दिसत नसे.

कपाट आमच्या आप्पांचे. आप्पा एका मिरचीच्या अडतीवर मुनीम होते. निजामशाही संपून दोनेक वर्षे झाली असतील. हैदराबादेत कोणा बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्यातले सामान लिलावात निघाले, आणि अडतीच्या कामाने गेलेले आप्पा हिशेबाऐवजी कपाट घेऊन आगगाडीने परतले. आईने महिनाभर तोंड फुगवले होते म्हणे. पण आप्पांच्या तोंडी तेव्हापासून एकच वाक्य बसले : “अस्सल महागनी आहे!” आमच्या गावात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच ओट्यावर बसून गप्पा मारतात, त्या तिन्ही भाषांनी हा शब्द आपापल्या परीने वाकवला, पण मान सारखाच दिला. घरी पाहुणा आला की आप्पा कपाटाचे दार उघडीत आणि त्याला आत डोके घालायला लावीत. “घ्या वास. सागाला येतो का असा वास?” पाहुणा बिचारा हुंगून मान डोलवी. वास खरोखरच येई. गोडसर, थोडा मसाल्याचा, थोडा जुन्या वह्यांचा. माझ्या लेखी श्रीमंतीचा वास म्हणजे तोच.

आई गेल्यावर वाटणी झाली. शेत, भांडी, चार दागिने यांवर दोन दिवसांत एकही शब्द वाकडा गेला नाही. तिसऱ्या दिवशी कपाट आले. दादा म्हणाला, “थोरला मी. कपाट माझ्याकडं येईल.” मी म्हणालो, “आप्पांचं शेवटचं दुखणं कोणी काढलं?” वाक्य तोंडातून सुटले तेव्हाच मला कळले, की हे कपाटाबद्दल नव्हते. दादा तेव्हा नोकरीसाठी लांब होता, आणि आप्पांना शेवटी भेटू न शकल्याची टोचणी त्याला जन्मभराची होती. तो उठला, चपला घालून गेला. कपाट माझ्याकडे राहिले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दादाचा मुलगा दारात उभा राहिला. पुण्याला इंजिनिअर आहे. सुट्टीच्या दिवशी विजेवर वाजणाऱ्या गिटारी हाताने बनवतो, आणि लोक सांगून करवून घेतात. चहा घेऊन झाला तरी त्याची नजर पडवीतल्या कपाटावरून हलेना. पडवी गळत होती, कपाटाचा एक पाय खचला होता, दार बिजागरीतून निखळले होते.

“काका, सत्तर वर्षं वाळलेलं महागनी आज कुठं मिळतं?” तो म्हणाला. “मला द्या. मोडकं तर झालंयच.”

“तुझ्या बाबांना माहीत आहे का, तू इथं आलास ते?”

“नाही.”

मी विषय बदलला. म्हटले, विजेच्या गिटारीला मुळात लाकूड लागतेच कशाला? सतारीचा भोपळा पोकळ असतो, तो घुमतो, हे समजण्यासारखे आहे. पण हा तर भरीव फळा! तारेखाली लोहचुंबक, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज उमटते, आणि तिचाच पुढे आवाज होतो. लाकूड बसले आहे बाजूला, वऱ्हाडातल्या मामासारखे.

तो हसला. त्याने सांगितलेली गोष्ट माझ्याच बाजूची निघाली. लेस पॉल नावाच्या अमेरिकन वादकाने 1940 च्या सुमारास पाइनच्या चौकोनी खांबावरच तारा ताणल्या. लोकांना ते गिटार वाटेना, म्हणून एका जुन्या गिटारीची दोन अर्धुके त्याने खांबाच्या दोन्ही अंगांना जोडली. पुढे 1952 साली गिब्सन कंपनीने त्याच्या नावाची गिटार काढली, ती मात्र महागनीची, वर मेपलचा पातळ थर दिलेली. तेव्हापासून महागनीची कीर्ती झाली ती आजपर्यंत. “मग बाभळीचा ओंडका घे की,” मी म्हणालो. “घेईन,” तो म्हणाला, “पण चार तास गळ्यात तुम्ही अडकवा.” लाकूड आवाज करत नाही हे त्याला मान्य होते, पण तार हलते तेव्हा लाकूड तिची थोडी हालचाल गिळते, कुठली जास्त गिळते, कुठली कमी, आणि तेवढ्याने फरक पडतो, असे त्याचे मत. किती फरक पडतो यावर गिटारवाले हातघाईवर येतात. महागनीचे गुण त्याहून साधे : वजन बेताचे, करवतीखाली सरळ, आणि एकदा वाळले की पावसाळ्यातही अंग फारसे न बदलणारे.

ही महागनी मूळ अमेरिका खंडातली. आपल्याकडे कलकत्त्याच्या वनस्पतिबागेत ती 1795 साली आणली गेली. मोठ्या पानांच्या जातीची रानातून इतकी तोड झाली, की 2003 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचा लगाम आला. म्हणून गिटारवाले आता तिच्या नातलगांकडे वळले आहेत. आफ्रिकेची खाया आहे. आफ्रिकेचीच सापेली आहे, जी जरा जड आणि पट्ट्यापट्ट्यांनी चकाकणारी. ‘फिलिपाइन महागनी’ म्हणून विकतात ती तर नात्यातलीसुद्धा नाही. ती आपल्या सालाच्या कुळातली. म्हणजे आडनाव लावून वऱ्हाडात जेवायला बसलेली मंडळी सगळीकडेच असतात.

अखेर मी म्हटले, एक फळी काढून बघ. त्याने आतला कप्पा काढला. एका टोकापासून साधारण पाव अंतरावर चिमटीत धरून तो लोंबता ठेवला आणि बोटाच्या पेराने ठोकला. टण्ण असा स्वच्छ, लांबणारा आवाज आला. त्याचा चेहरा फुलला. मग त्याने फळी तोलली आणि तो फुललेला चेहरा थोडा मिटला. पाते घेऊन फळीचे टोक ताजे कापले, वास घेतला, भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलला नाही.

“काका, हे महागनी नाही.”

त्याने भिंग माझ्या हातात दिले. महागनीची छिद्रे लाकडात सगळीकडे सारखी विखुरलेली असतात. इथे वर्षावर्षाच्या वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग मांडलेली होती, सुनेने काढलेल्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. घनमीटरभर महागनी सहाशे किलोच्या आगेमागे भरते. हे पाचशेच्या आसपासचे दिसत होते. “आणि वास,” तो म्हणाला. “महागनीला वाळल्यावर असा वास राहत नाही. सापेलीला थोडा येतो, पण सापेली इतकी हलकी नसते. हे तून आहे.”

वास! ज्या वासावर आप्पांनी पन्नास वर्षे पाहुण्यांची डोकी कपाटात घातली, तोच कपाटाविरुद्ध साक्ष देत होता.

तून काही हलक्या कुळातले लाकूड नव्हे, हे त्याने मला समजावले. माझे तोंड पाहून समजावले असावे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे तुनाचेच होतात. तिथल्या शिकलगारांनी, हत्यारांना धार लावणाऱ्या त्या घराण्यांनी, एकोणिसाव्या शतकात हा उद्योग उभारला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळे मंगळवेढ्याकडचे, लाकूड कर्नाटकातल्या चिकमगळूरकडचे. चिरुटाच्या सुगंधी पेट्या ज्या अमेरिकन लाकडाच्या होतात, त्याच्याशी तुनाची इतकी जवळीक, की रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला आधी त्याच गोतात घातले होते. आणि ही सगळी मंडळी, महागनी, खाया, सापेली, तून, एकाच कुळातली. कुळ कोणते? निंबाचे! अंगणातला आमचा कडुनिंब, ज्याच्या काड्यांनी आम्ही दात घासले, तो महागनीचा चुलतभाऊ निघाला. आप्पा जन्मभर त्याच्या सावलीत खाट टाकून महागनीचा अभिमान सांगत राहिले.

मी ओट्यावर बसलो. नऊ वर्षे! “बाबांना सांगू नकोस,” मी म्हणालो. कपाट ने, म्हणालो.

महागनी नाही तरी लाकूड त्याला हवेच होते. फळ्या बोटाएवढ्या जाडीच्या होत्या आणि गिटारीच्या अंगाला साधारण पंचेचाळीस मिलिमीटर हवे असतात. म्हणून त्याने थरावर थर चिकटवले. मानेला मात्र त्याने तून घेतले नाही. तिथे तारांचा ताण सतत असतो आणि तून मऊ. त्याने मागच्या दाराचा सागवानी अडसर मागितला. साग तेलकट, सरसाला धरत नाही. आधी पुसून कोरडा करावा लागला, असे त्याने फोनवर सांगितले.

श्रावणात तो गिटार घेऊन आला, आणि त्याच्या मागे दादा आला. मी उठून उभा राहिलो. ठसका दोघांनाही लागला नाही. दादा कडुनिंबाखालच्या खाटेवर बसला. पाहिले तर खूप वाळला होता. पोराने वीज न जोडताच दोन-चार सूर छेडले. बारीकच आवाज, पण लांबत जाणारा. दादाने गिटार मागून घेतली, वर नाक नेले. वरून रोगण चढले होते, काही येईना. पोराने पाठीमागचे झाकण चार स्क्रू काढून उघडले. आत तारा जोडायची खाच होती, तिथले लाकूड कोरेच ठेवलेले.

दादाने त्या खाचेत नाक घातले आणि डोळे मिटले. पाहुण्यांना जेवढा वेळ लागे त्याहून फार जास्त वेळ तो तसाच होता.

“महागनीच आहे,” तो म्हणाला.

पोराने माझ्याकडे पाहिले.

“अस्सल,” मी म्हणालो.