लेकीच्या कॉलेजातला समुद्र

आमची लेक तीन वर्षांपासून चेन्नईला शिकते. चाळीत कोणी विचारले, "पोरगी कशाचं शिकते?" तर आम्ही "इंजिनीअरिंग" एवढेच सांगून मोकळे होत असू. मग "कॉम्प्युटरचं का?" हा प्रश्न ठरलेला. "नाही, समुद्राचं," म्हटले की समोरचा माणूस हसायचा. समुद्राला इंजिनीअर कशाला लागतो, याचे उत्तर आम्हा उभयतांकडे नव्हते. तिच्या आजोबांनी मुंबईच्या गोदीत आयुष्यभर पोती वाहिली. आमच्या घराचा समुद्राशी संबंध तेवढाच. खरे सांगायचे तर प्रवेशाच्या वेळी आम्हीच तिला अडवले होते. जवळच्या कॉलेजात कॉम्प्युटर घे, घरून डबा घेऊन जा, असे म्हणालो होतो. ती रडली, दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी आम्ही हो म्हटले, पण मनात धाकधूक राहिलीच. म्हणून गेल्या जानेवारीत तिकिटे काढली आणि ती काय शिकते ते डोळ्यांनी पाहायला निघालो.

एक रात्र आणि बराचसा दिवस रेल्वेत गेला. लेक स्टेशनवर घ्यायला आली होती. रिक्षावाल्याशी ती तमिळमध्ये भाडे ठरवू लागली, तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

आयआयटी मद्रास ही संस्था १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने उभी राहिली. गिंडीच्या जंगलात ती वसली आहे. फाटकातून आत शिरलो की शहराचा गलका मागे राहतो. पारंब्या सोडलेले वड आणि रस्त्याच्या कडेला निवांत चरणारी चितळे दिसतात. येथे काळवीटही आहेत. वसतिगृहांना नद्यांची नावे दिली आहेत. त्यांत 'गोदावरी' ही पाटी वाचली आणि परक्या मुलखात आपले कोणी भेटल्यासारखे वाटले.

तिच्या पदवीत दोन विषय एकत्र आहेत, जहाजबांधणी आणि सागरी अभियांत्रिकी. चार वर्षांचा अभ्यास. आधी गणित, भौतिकशास्त्र, यंत्रांची चित्रे. मग पाण्याचा दाब व प्रवाह, जहाज कलंडत का नाही, लाटा कशा तयार होतात, बंदर कसे बांधतात. प्रयोगशाळेत पाण्याचा एक लांबच लांब हौद आहे. एका टोकाला यंत्राने हलणारी फळी असते, ती पुढेमागे झाली की लाट उठते. बंधाऱ्याचा किंवा जहाजाचा छोटा नमुना मध्ये ठेवून लाटांचा मार मोजतात. लेकीने समजावले, "पप्पा, नमुना २५ पट लहान केला तर त्याचं वजन २५ पट नाही, १५,६२५ पट कमी होतं. आणि खऱ्या समुद्रात १० सेकंदांनी येणारी लाट इथे २ सेकंदांनी आणावी लागते. हा हिशेब चुकला तर खरा बंधारा वाहून जाईल."

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला मरीना किनाऱ्यावर नेले. एवढी रुंद वाळू आमच्या गिरगाव चौपाटीला नाही. पाण्यापर्यंत चालताना पाय दुखले. लेक म्हणाली, "ही वाळू पूर्वी एवढी नव्हती. बंदरामुळे साठली."

मद्रासला पूर्वी बंदरच नव्हते. जहाजे दूर उभी राहत आणि माणसे, माल होडक्यांतून लाटा ओलांडून किनाऱ्यावर येत. १८७५ नंतर समुद्रात दगडी बांध घालून बंदराचे काम सुरू झाले. १८८१ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केले, तरी पुन्हा बांधले. या किनाऱ्यावर वर्षातले बहुतेक महिने लाटा दक्षिणेकडून तिरक्या येतात आणि वाळू उत्तरेकडे सरकवत नेतात. ईशान्येचे वारे सुटले की थोडे महिने उलटे होते, पण वर्षाचा हिशेब मांडला तर वाळू उत्तरेलाच अधिक जाते. बंदराच्या बांधांनी ही वाट अडवली. वाळू दक्षिणेला साठली, मरीना रुंद झाला. उत्तरेच्या किनाऱ्याला मात्र वाळू मिळेनाशी झाली आणि समुद्र जमीन खाऊ लागला.

"मग ती उत्तर बाजू दाखव," आम्ही म्हणालो.

ती बाजू म्हणजे रोयापुरम, कासिमेडू. दक्षिण भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १८५६ साली रोयापुरमहून सुटली होती. आज तेथे मासळीचा बाजार, होड्या आणि कोळ्यांची दाट वस्ती आहे. किनाऱ्यावर वाळूऐवजी मोठमोठे काळे दगड रचलेले. आपल्या कोकणात त्याला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात. एक म्हातारी दाराशी मासळी निवडत होती. लेकीने "पाट्टी" म्हणून हाक मारली, पाट्टी म्हणजे आजी. त्या बाईने हात वर करून दगडांच्या पलीकडचे पाणी दाखवले आणि काहीतरी सांगितले. लेक म्हणाली, "आमचं पहिलं घर तिकडे होतं, असं सांगते आहे."

आम्हाला आमचे जुने झोपडे आठवले. आम्ही विचारले, "भिंत घातली, आता तरी थांबेल ना?"

"भिंतीवर आपटलेली लाट पायथ्याची वाळू उकरते," लेक म्हणाली. "काही ठिकाणी समुद्रात आडवे दगडी धक्के घालतात, मग त्यांच्यामध्ये वाळू धरते. पण इथे धरलेली वाळू पुढच्या गावाला कमी पडते. म्हणून सर सांगतात, बांधण्याआधी विचारा, वाळू कुणाची अडवतोय."

परतीच्या आधी आम्ही लेकीला म्हणालो, "त्या वेळी तुला अडवलं, ते आमचं चुकलंच." ती नुसती हसली. नोकरीची काळजी आहेच. बंदरे, माझगाव डॉकसारखे जहाज कारखाने, मुंबई हायचे तेलाचे फलाट येथे या शिक्षणाला काम आहे. ते मिळवणे तिच्या कष्टावर.

वाचकांपैकी कोणाच्या मुलामुलीला ही वाट धरायची असेल तर बारावीला गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घ्यावे आणि जेईईच्या दोन्ही परीक्षांची तयारी करावी. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही त्या सवलती लागू झाल्या आहेत. आयआयटीत बी.टेक.ची शिकवणी फी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना माफ आहे. वसतिगृह व जेवणाचा खर्च धरून ठेवावा. केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवावा, ऐनवेळी धावपळ नको.

मुंबईला परतल्यावर एका रविवारी मरीन ड्राइव्हला गेलो. कठड्याखाली चार पायांचे ते सिमेंटचे ठोकळे पडले आहेत, त्यांवर आम्ही कितीदा बसलो असू! ते लाटेचा जोर फोडण्यासाठी आहेत, हे आता ठाऊक झाले. चाळीत कोणी विचारले की आम्ही पहिल्यांदा त्या ठोकळ्यांचेच सांगतो, आणि मग त्या पाट्टीच्या घराचे.