अजिनोमोटोवरचा आळ

निलंग्यात चायनीजच्या गाडीवरचे नूडल्स खाऊन डोकं दुखलं, की घरात निदान तयार असतं : 'अजिनोमोटो बाधला.' माझं महिन्यातून दोनदा तरी दुखायचं. पण त्या नूडल्समध्ये मीठ, तेल, सोया सॉसही असतो. आणि मी ते रात्री साडेदहाला, ऑफिसचे कॉल संपवून, दिवसभराच्या उपाशी पोटी खातो. मग दोष एकट्या अजिनोमोटोचा कशावरून?

अजिनोमोटो हे ब्रँडचं नाव. पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. टोमॅटोत आणि आईच्या दुधातही ते असतंच. आळ आला १९६८ मध्ये. डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं : चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं. त्यांनी सोया सॉस, वाइन आणि मिठावरही संशय घेतला होता. लोकांच्या लक्षात एकच नाव राहिलं.

खरं-खोटं करायचं तर खाणाऱ्याला आपण काय खातोय हे कळता कामा नये. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 'आम्हाला बाधतं' म्हणणाऱ्या १३० जणांना असंच तपासलं. रिकाम्या पोटी मोठा डोस दिल्यावर काहींना त्रास झाला; पण पुन्हा तपासल्यावर तीच माणसं, तोच त्रास असं जुळेना.

मी हेच घरी केलं. रिकाम्या कॅप्सूल मागवल्या. निम्म्यांत अजिनोमोटो, निम्म्यांत पिठीसाखर. बहिणीने आठ चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला आणि वही लपवली. रोज जेवणानंतर चार कॅप्सूल, म्हणजे साधारण दोन ग्रॅम. आई म्हणाली, "कशाला जिवाशी खेळ करतोस रे?" दमा असलेल्याने हे घरी करू नये, हे मात्र खरं.

आठ दिवसांत डोकं तीनदा दुखलं. वही उघडली : एकदा अजिनोमोटोच्या दिवशी, दोनदा साखरेच्या.

आठ दिवसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण साखर खाऊनही कपाळ तसंच ठणकलं होतं, आणि ते दुखणं काही खोटं नव्हतं. अजिनोमोटोला दोष देणं सोपं होतं, कारण त्याने नोकरीला हात लागत नव्हता. आता मॅनेजरला सांगून दुपारी एक ते दोन कॉल बंद ठेवलेत. पुढचा महिना त्या जेवणाची परीक्षा.