मढचा समुद्र आणि पाऊणकीचा हिशेब

डिसेंबर महिना जवळ आला की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. आमच्याही घरी ते झाले. चिरंजीवांनी गोव्याच्या एका निवासस्थानाचा दर काढून दाखविला. तो पाहून, आयुष्यभर दुसऱ्यांचे कर्जप्रस्ताव तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या भुवया आपोआप वर गेल्या. दहा वर्षांच्या नातवाचे मागणे मात्र साधे होते. त्याला समुद्र हवा होता. तो गोव्याचाच असावा, असा त्याचा काही आग्रह नव्हता. शेवटी मी, सौ. आणि नातू अशा तिघांनी घाटकोपरहून मढला दोन दिवस जाऊन यावयाचे ठरविले.

मढचे नाव काढताच माझ्या मनात थोडी चलबिचल झाली, हे येथे सांगितले पाहिजे. नोकरीच्या काळात मी पश्चिम उपनगरातील एका शाखेत असताना एक गृहस्थ मुलाचे बचत खाते बंद करावयास आले होते. महाविद्यालयात शिकणारा तो मुलगा मित्रांबरोबर आक्सा किनाऱ्यावर गेला आणि परत आला नाही. खात्यात चार हजारांच्या आसपास रक्कम होती. वारसाच्या अर्जावर कोठे सही करावयाची, हे मी त्या गृहस्थांना दाखविले. त्यांनी सही केली, पैसे मोजून घेतले आणि ‘आभारी आहे’ म्हणून ते निघून गेले. पुढे अनेक वर्षे त्या बाजूला जाण्याचे मी टाळले. आता नातवाचा हात धरून तेथेच निघालो होतो.

घाटकोपरकरांना मढ आता फारसे दूर राहिलेले नाही. २०१४ साली सुरू झालेल्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने शेवटच्या स्थानकावर उतरावे, रिक्षाने वेसाव्याच्या धक्क्यावर जावे आणि होडीने खाडी ओलांडावी. पलीकडे मढ. खाडी ओलांडावयास काही मिनिटे लागतात. तोच प्रवास रस्त्याने मालाड-मार्वेमार्गे केला तर वीस किलोमीटरांहून अधिक पडतो. महापालिकेने येथे पूल बांधावयाचे ठरविले आहे. तो झाला की सोय होईल. तथापि दुचाक्या, माणसे आणि टोपल्या एकत्र घेऊन जाणाऱ्या त्या होडीची मजा काही वेगळीच आहे. नातवाला तर सहलीचे सार्थक तेथेच झाल्यासारखे वाटले.

मढ हे पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस मालाडची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या भूमीवरील जुने कोळी गाव आहे. टोकावर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, तो मराठ्यांनी घेतला. सध्या तो वायुदलाच्या ताब्यात असल्यामुळे परवानगीवाचून आत जाता येत नाही. बाहेरूनच बुरूज पाहावेत आणि जवळच्या किल्लेश्वर मंदिरापाशी थोडा वेळ बसावे. उत्तरेकडे एरंगळ, दाणापाणी आणि आक्सा असे किनारे ओळीने लागतात. एरंगळला समुद्रालगत सोळाव्या शतकातील सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे. जानेवारीतील दुसऱ्या रविवारी तेथे मोठी जत्रा भरते. ज्यांना गर्दी नको, त्यांनी तो दिवस टाळावा.

गावात बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत घातलेले असतात. आपल्यापैकी अनेकांना तो वास सोसत नाही. सौ.नेही पदर नाकाशी नेला, पण समोर एक कोळीण बसलेली पाहून लगेच खाली घेतला. आपले आचरण आपल्यापाशी असावे, पण ज्यांच्या अंगणातून आपण जातो त्यांच्यासमोर नाक मुरडू नये. कोळी बांधवांशी माझा संबंध बँकेमुळे आला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांच्या घरात आवक नसते. हंगाम सुरू झाल्यावर मात्र हप्ता भरण्यासाठी ही माणसे स्वतःहून शाखेत येत, हा माझा अनुभव आहे.

आता मुख्य प्रसंग. दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्ही एरंगळच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी दूर गेले होते आणि काळे खडक उघडे पडले होते. खडकांतील डबक्यांमधून लहान खेकडे पळत होते. त्यांना हात लावावयाचा नाही, केवळ पाहावयाचे, या अटीवर नातू एका खडकावरून दुसऱ्यावर जात बराच पुढे पोहोचला. मीही त्याच्यामागे गेलो. सव्वाचारच्या सुमारास किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने हाक मारली, “साहेब, आज तिथी कोणती?”

मला तिथी ठाऊक नव्हती. वाळूवर बसलेली सौ. म्हणाली, “परवा चतुर्दशी, म्हणजे आज द्वादशी.”

“मग बाराची पाऊणपट करा.”

लहानपणी शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेली पाऊणकी पन्नास वर्षांनंतर कामास आली. बारा पाऊणे नऊ. “नऊ,” मी म्हणालो.

“नऊला पूर्ण भरती. म्हणजे तीनला सुकती झाली. पाणी फिरून तास होत आला. पोराला बोलवा.”

समुद्र माझ्या डोळ्यांना तसाच शांत दिसत होता. तरीही मी नातवाला घेऊन परतलो. परतीच्या वाटेवर, जेथून आम्ही कोरड्या पायांनी गेलो होतो, तेथे घोट्यापर्यंत पाणी आले होते. पाच वाजता वाळूवर बसून आम्ही दशम्या आणि सुकी चटणी खाल्ली. सहाच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकला, तेव्हा नातू ज्या खडकावर सर्वांत शेवटी बसला होता तो दिसेनासा झाला होता. “आजोबा, माझा खडक कुठे गेला?” असे त्याने विचारले. मला चटकन उत्तर देता आले नाही. मला त्या खातेदाराचे वडील आठवले.

त्या वृद्धाचा हिशेब सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. ही पन्नास मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तास. म्हणून तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. शुद्ध पक्षात आणि वद्य पक्षात रीत तीच. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसातून दोन भरत्या येतात आणि दोहोंच्या साधारण मध्ये सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, असते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण मोठे असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती लहान असते. चढणाऱ्या पाण्याचे सहा तासांत बारा हिस्से धरले, तर ते दर तासाला अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे चढते. म्हणजे पहिल्या तासात फारसे काही झाले आहे असे वाटत नाही आणि मधल्या दोन तासांत मात्र निम्मे पाणी येऊन ठाकते. त्या दिवशी हे दोन तास पाच ते सात होते. सूर्यास्तासाठी लोक खडकांवर जाऊन बसतात, नेमकी तीच वेळ. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून नेहमी आधीच माघारी फिरावे. अष्टमी-चतुर्दशी पाळण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली असतेच. समुद्रावर जाताना तीच पाहून निघावे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना :

१) सोमवार ते गुरुवार जावे. खोल्यांचे दर उतरलेले असतात आणि अरुंद रस्त्यावर गर्दी कमी असते. शनिवार-रविवार टाळावा.

२) परतताना मढ जेट्टीहून मालाड स्थानकाकडे जाणारी बेस्टची २७१ क्रमांकाची बस सोयीची आहे. होडीसाठी व बससाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत. पावसाळ्यात होडी बंद असू शकते, म्हणून आधी चौकशी करावी.

३) ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. गुडघेदुखी असलेल्यांनी हात धरूनच उतरावे.

४) कांदा, लसूण, बटाटा यांवाचून जेवण मिळेल का, हे खोली ठरविण्यापूर्वीच विचारावे. दशम्या, खाकरे, मेतकूट, लाडू आणि उकळलेले पाणी बरोबर असले की अडचण येत नाही. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. त्यामुळे साडेपाचला जेवण आटोपून मगच सूर्यास्त पाहावयास बसावे.

५) आक्सा येथे केवळ वाळूवरून फिरावे. वाळूत अकस्मात खोल खळगे लागतात आणि ओसरणारे पाणी माणसाला आत ओढते. पोहता येते म्हणून धोका कमी होत नाही. जीवरक्षकाने शिटी वाजविली की वाद न घालता बाहेर यावे. संकटकाळी ११२ क्रमांक लावावा.

६) पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. पावसाळ्याच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर डंख करणारे जेलीफिशही येतात. मुलांना अनवाणी फिरू देऊ नये.

आमच्या तिघांचा खर्च असा झाला : खोली २,६०० रुपये, प्रवास ४६० रुपये, चहा, नारळपाणी आणि इतर ५८० रुपये. एकूण ३,६४० रुपये.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी त्या वृद्ध गृहस्थांना भेटण्यासाठी आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. ते समुद्रावर गेले होते. नातू पाण्याच्या काठाशी उभा राहिला आणि बोटांवर मोजू लागला. “आज त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे आजोबा, आत्ता पाणी वर येते आहे, आपण इथेच थांबायचे.” माझ्या घड्याळात साडेआठ वाजले होते. त्याचा हिशेब मी तपासून पाहिला. बरोबर होता.