मुळशीचे पाणी, मुंबईचा उजेड

पुण्याहून निघून पौड मागे टाकले की रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरतो आणि थोड्याच वेळात मुळशीचा जलाशय झाडांतून डोकावू लागतो. सहलीची मंडळी इथे भाजलेली कणसे खातात, छायाचित्रे काढतात आणि परततात. वाचकांना माझे सांगणे असे की, इथून परतू नये. ताम्हिणीचा घाट उतरून रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावापर्यंत जावे. या पाण्याची खरी कहाणी सह्याद्रीच्या पलीकडे आहे.

पाऊस ओसरताना आम्ही गेलो, तेव्हा उतारांवर सोनकी फुलली होती. बरोबर माझी भाची होती. यंदा दहावीत असल्यामुळे प्रश्नांना तोटा नव्हता.

मुळा ही खरे तर पूर्वेकडे वाहणारी नदी. मुठेला भेटून ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि शेवटी हे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. परंतु मुळा आणि निळा यांच्या संगमावर टाटांनी धरण बांधले आणि बोगद्यातून पाणी पश्चिमेकडे वळवले. जाडजूड नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात कोसळते आणि काम आटोपून कुंडलिकेत शिरते. बंगालच्या उपसागराची वाट सोडून ते रेवदंड्याला अरबी समुद्र गाठते!

"मामा, वीज काढून घेतल्यावर पाण्यात उरतं काय?" भाचीने विचारले.

"पाणीच! वीज पाण्यात नसतेच मुळी. पाणी फक्त चाक फिरवतं. त्या चाकाच्या दांड्यावर चुंबक असतात आणि भोवती तांब्याच्या तारांची वेटोळी. चुंबक फिरले, की वेटोळ्यांत वीज खेळू लागते."

याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. १८३१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी ते दाखवून दिले. हे गृहस्थ लोहाराचे चिरंजीव. तरुणपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले. त्यांनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक सारला, तशी जोडलेल्या मापकाची सुई हलली. चुंबक आत स्वस्थ ठेवला, तर सुई ढिम्म. बाहेर ओढला, तेव्हा ती उलट दिशेला हलली. म्हणजे नुसता चुंबक जवळ असून भागत नाही. वेटोळ्यातून जाणारा त्याचा प्रभाव सतत बदलता हवा.

या एका गोष्टीवर आपले घर चालते. भिऱ्याची वीज रोहित्रात लाखाहून अधिक व्होल्टपर्यंत चढवतात, म्हणजे वाटेत तारा तापून ती फार वाया जात नाही. शहरात ती पुन्हा पायरीपायरीने २३० व्होल्टवर उतरते. रोहित्रातल्या दोन वेटोळ्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकीतला बदलता प्रवाह दुसरीत वीज जागवतो. छतावरच्या नेहमीच्या पंख्याच्या फिरत्या भागाला एकही तार बाहेरून जोडलेली नसते, तरी तो गरगरतो. इंडक्शनच्या शेगडीत तर ज्वाळाच नाही: भांड्याच्या लोखंडी बुडातच प्रवाह उठतात आणि बूड तापते. म्हणूनच आजीचे तांब्याचे पातेले तिच्यावर रुसून बसते.

"मग वीज फुकटच की! चुंबक काही झिजत नाही."

तिला मी सायकलच्या डायनामोची गोष्ट सांगितली. आमच्या लहानपणी तो चाकाला टेकवला की दिवा लागे, पण त्याच क्षणी पायडल जड होई. वेटोळ्यात उठलेला प्रवाह चुंबकाला मागे रेटतो. मुंबईत एक दिवा अधिक लागला, तर वीजघरातले चाक तेवढे जड होते आणि तेवढे पाणी अधिक सोडावे लागते. निसर्गाच्या वहीत उधारी नाही. कोणीतरी जोर लावावाच लागतो.

आणि हा जोर एकट्या पाण्याने लावला नाही. या जलाशयाखाली मावळ्यांची घरे, देवळे आणि आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे आहेत. ती वाचवण्यासाठी १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. बायाबापड्यांसह माणसे तुरुंगात गेली. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झालेच. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना, घरांना वीज मिळू लागली.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, आमच्या पुस्तकात चुंबक आहे, तारेचं वेटोळं आहे, ही गावं नाहीत."

मी काय उत्तर देणार? वीज नको, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मीही पंख्याखालीच बसून लिहितो. मात्र मुंबईकर वाचकांना एक सुचवतो. दादर-माहीमकडे गेलात, तर पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून जाणाऱ्या रस्त्याची पाटी वाचा. रस्ता सेनापती बापटांच्या नावाचा आहे, आणि शेजारून दिवसभर विजेच्या गाड्या धावत असतात. यंदा दिवाळीची रोषणाई लावताना एक पणती मुळशीच्या नावानेही लावावी.